‘डेंजर’ मोठा की ‘वॉर्निंग’?

कीटकनाशकाची बाटली, रुग्णालयातला संमतीचा कागद, औषधासोबतची घडीची चिठ्ठी आणि पावसाचा अंदाज, या सगळ्यांवर धोक्याची भाषा बहुधा इंग्रजी असते. मराठीत आपण तिला सरसकट ‘धोका’ म्हणतो. पण या इंग्रजी शब्दांना विज्ञानाने आणि कायद्याने वेगवेगळी वजने दिली आहेत. ती ठाऊक नसली, तर कधी नाहक घाबरायला होते, तर कधी घाबरायचे तिथे आपण निर्धास्त राहतो.

महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे गाडी अडकली की त्याच्या पाठीवरची ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही अक्षरे वाचण्यावाचून गत्यंतर नसते. इंग्रजीत शब्दाआधी ‘इन’ लागले की बहुधा अर्थ उलटतो. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. त्या हिशेबाने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे असे कुणाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात अर्थ आहे, चटकन पेट घेणारे. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला आणि त्यातला ‘इन’ नकाराचा नाही. एखादा अवयव सुजून लाल होतो, त्या दाहाला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तोही याच कुळातला.

हा घोटाळा इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचाही होत असे. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने ‘इन्फ्लेमेबल’ सोडून ‘फ्लेमेबल’ वापरा, असा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द चालतात, दोन्हींचा अर्थ एकच आहे आणि आपल्याकडच्या टँकरांवरही दोन्ही दिसतात. मराठीतला ‘ज्वालाग्राही’ हा शब्द बोजड असेल, पण त्याचा उलटा अर्थ लावायला कुणाला जागा नाही.

याच काळात अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ नावाचे एक गृहस्थ आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत काम करत होते. भाषाशास्त्रात पुढे त्यांचे नाव झाले, पण नोकरी आगी का लागतात ते शोधण्याची. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत. ‘रिकामी पिंपे’ ठेवलेल्या जागी मात्र खुशाल सिगारेट ओढत आणि थोटके तिथेच टाकत. खरे तर रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि ठिणगी पडली तर तिचा स्फोट होऊ शकतो. पण ‘रिकामे’ हा शब्द कानावर पडला की धोकाही संपला, असे मन धरून चालते. शब्दामुळे आग लागत नाही, पण काडी कुठे ओढायची याचा निर्णय माणूस शब्दावरून घेतो.

विहीर आणि कठडा

धोक्याच्या शब्दांतली सर्वांत उपयोगी जोडी आहे ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’. बोलण्यात इंग्रज माणूसही दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानात मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

अंगणात कठडा नसलेली विहीर आहे असे समजा. ती विहीर म्हणजे ‘हॅझर्ड’. तिच्या अंगी इजा करण्याची क्षमता आहे. आता त्या अंगणात कुणी राहतच नसेल, तर पडण्याची शक्यता जवळपास नाही. तिथेच चार मुले रोज पकडापकडी खेळत असतील, तर शक्यता पुष्कळ. ही शक्यता म्हणजे ‘रिस्क’, मराठीत जोखीम. कठडा बांधला की विहीर तेवढीच खोल राहते, जोखीम मात्र कमी होते. थोडक्यात, हॅझर्ड वस्तूत असतो. तिच्याशी आपला संबंध किती, किती वेळ आणि किती प्रमाणात येतो, त्यावर जोखीम ठरते.

‘हॅझर्ड’ हा मुळात फाशांच्या जुगाराचा शब्द, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. त्याचे मूळ फासा या अर्थाच्या अरबी शब्दात असावे असे मानतात. ‘रिस्क’ इटालियन आणि फ्रेंच वाटेने आला आणि समुद्रावर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या व विमेवाल्यांच्या तोंडी रुळला. मराठीतली ‘जोखीम’ही पैशाच्या जवळची. अंगावर दागिने किंवा रोकड असली की ‘जवळ जोखीम आहे’ असे जुनी माणसे म्हणत. आणि जोखणे म्हणजे तोलणे, हेही आपल्याला ठाऊक आहे. जोखीम तोलून पाहता येते, ही तिची खरी ओळख.

ही तोलण्याची गोष्ट विसरली की काय होते, ते ऑक्टोबर २०१५ मध्ये जगाने पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या गटात तंबाखू आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे. दुसऱ्या दिवशी जगभर मथळे झळकले, मांस सिगारेटइतकेच घातक! संस्थेने तसे म्हटले नव्हते. तिची गटवारी ‘हॅझर्ड’ची आहे. एखाद्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो, याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढेच गट सांगतो. त्यामुळे किती जणांना कर्करोग होईल, हे तो सांगत नाही.

संस्थेच्या प्रश्नोत्तरांतच पुढचे आकडे होते. प्रक्रिया केलेले मांस भरपूर असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू होत असावेत, असा अंदाज होता. तंबाखूमुळे होणारे कर्करोगमृत्यू सुमारे १० लाख, मद्यामुळे ६ लाख, हवेच्या प्रदूषणामुळे २ लाखांहून अधिक. एकाच रांगेत, पण तीस पटींचे अंतर.

२०२३ मध्ये साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अस्पार्टेमचेही असेच झाले. याच संस्थेने ते ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, म्हणजे पुरावा मर्यादित. त्याच दिवशी खाद्यपदार्थांतील रसायने तपासणाऱ्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने मर्यादा पूर्वीचीच ठेवली, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ७० किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडायची तर दिवसाला शीतपेयाचे ९ ते १४ डबे रिचवावे लागतील. पहिली संस्था हॅझर्ड पाहत होती, दुसरी जोखीम. दोघींत विरोध नव्हता.

पण ‘हा फक्त हॅझर्ड आहे’ म्हणून हात झटकणेही बरे नाही. सुपारीचे उदाहरण घ्या. तंबाखू न घातलेली नुसती सुपारीदेखील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संस्थेच्या अहवालात पहिल्या गटात आहे. जेवणानंतर सुपारी पुढे करण्याची रीत आपल्या घराघरांत आहे, आणि दिवसभर गालात सुपारी धरून काम करणारी माणसेही आपल्या ओळखीची आहेत. इथे विहीरही आहे आणि रोज तिच्या काठावर खेळणेही आहे. सॉसेजच्या बातमीने अस्वस्थ होणाऱ्याच्या खिशात सुपारीची पुडी असेल, तर त्याची काळजी चुकीच्या जागी लागली आहे.

एकच शब्द, दोन पायऱ्या

आता मथळ्यातला प्रश्न. ‘डेंजर’ मोठा की ‘वॉर्निंग’?

संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये रसायनांच्या लेबलांसाठी एक जागतिक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दोनच संकेतशब्द आहेत. अधिक गंभीर हॅझर्डला ‘डेंजर’, त्याहून सौम्य असेल तर ‘वॉर्निंग’. यंत्रांवरच्या सूचनांसाठी अमेरिकेत जी मानके आहेत, त्यांत तीन पायऱ्या आहेत. ‘डेंजर’ म्हणजे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच. ‘वॉर्निंग’ म्हणजे तशी इजा होऊ शकेल. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल. ‘होईल’ आणि ‘होऊ शकेल’ यांतला फरक तिथे रंगानेही दाखवतात, लाल, नारिंगी आणि पिवळा. या दोन्ही पद्धतींत ‘डेंजर’ सर्वांत वरचा.

आता आपल्याकडची कीटकनाशकाची बाटली हातात घ्या. भारतातील कीटकनाशक नियम १९७१चे. त्यांनुसार लेबलावर शंकरपाळ्यासारखा एक चौकोन असतो आणि त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो, वरच्यात शब्द असतो. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, वर कवटीचे चित्र आणि ‘पॉयझन’. पिवळा म्हणजे अतिविषारी, वर ‘पॉयझन’. निळा म्हणजे मध्यम विषारी, वर ‘डेंजर’. हिरवा म्हणजे सौम्य विषारी, वर ‘कॉशन’.

म्हणजे जगभरच्या रसायनांवर जो शब्द शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर आहे, तो इथे तिसऱ्या पायरीवर उतरला! रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे ‘जा’, हे सिग्नलने शिकवले. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण. त्या सवयीने कीटकनाशकाचा हिरवा त्रिकोण ‘बिनधोक’ वाटला तर नवल नाही. तो बिनधोक नाही. पिवळ्याचेही बघा. सिग्नलवर पिवळा म्हणजे जरा जपून, इथे मात्र तो लालच्या खालोखालचा जहर. शिवाय हे रंग एका झटक्यात होणाऱ्या विषबाधेपुरते आहेत. पोटातून किंवा त्वचेतून गेलेल्या किती मात्रेने प्रयोगातले प्राणी दगावतात, त्यावरून ते ठरतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होईल, याबद्दल त्रिकोण काही बोलत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या प्रकरणाची कारणे अनेक होती आणि ती सगळी लेबलाच्या माथी मारता येणार नाहीत. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट उकाडा, अंगावर हातमोजे-मुखपट्टी नाही, एकापेक्षा अधिक औषधांचे मिश्रण. पण ‘औषध’ या शब्दाचाही विचार करायला हवा. पिकावर जे मारतो त्याला आपण ‘औषध’ म्हणतो. औषध मारायचे, औषध फवारायचे. व्होर्फ यांच्या ‘रिकाम्या’ पिंपासारखाच हा शब्द हाताला सैल सोडतो. कृषी सहायक, दुकानदार आणि घरातली शिकलेली मुले यांनी एवढे जरी केले, फवारणीपूर्वी त्रिकोणाचा रंग बघून ‘हे विष आहे आणि ते इतक्या तीव्रतेचे आहे’ असे मराठीत मोठ्याने सांगितले, तरी त्या शिडीचा काही उपयोग होईल.

डॉक्टरांच्या कागदावरचे शब्द

गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात थोडा रक्तस्राव होतो. डॉक्टर तपासतात आणि कागदावर लिहितात, ‘थ्रेटन्ड अ‍ॅबॉर्शन’. घरी कागद वाचला जातो आणि रडारड सुरू होते. कुणाला वाटते गर्भपात झाला, कुणाला वाटते डॉक्टर गर्भपात करायला सांगत आहेत.

यात दोन शब्दांनी घात केला. वैद्यकात ‘अ‍ॅबॉर्शन’ म्हणजे आपोआप होणारा आणि केलेला, दोन्ही प्रकारचा गर्भपात. आणि ‘थ्रेटन्ड’ म्हणजे अजून न घडलेला. इंग्रजीत ‘थ्रेट’ माणूस देतो आणि परिस्थितीही देते. मराठीत धमकी फक्त माणूसच देऊ शकतो, आणि परिस्थितीसाठी आपल्याकडे ‘सावट’ आहे, जसे दुष्काळाचे सावट. तर ‘थ्रेटन्ड अ‍ॅबॉर्शन’ म्हणजे गर्भपाताचे सावट. रक्तस्राव आहे, पण गर्भाशयाचे तोंड बंद आहे आणि गर्भ टिकून आहे. अशा अनेक स्त्रियांचे दिवस पुढे नीट भरतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही आता ‘अ‍ॅबॉर्शन’ऐवजी आपोआप होणाऱ्या गर्भपातासाठी ‘मिसकॅरेज’ हा शब्द वापरण्याकडे कल आहे. रक्तस्राव झाला तर डॉक्टरांकडे लगेच जावे हे खरेच, पण कागदावरचा शब्द हा निकाल नव्हे.

‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’ ही अशीच जोडी. औषधांच्या सुरक्षिततेच्या परिभाषेत ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र, आणि ‘सीरियस’ म्हणजे ज्याचा परिणाम गंभीर. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ किंवा कायमचे अपंगत्व, असे काही असेल तरच घटना ‘सीरियस’ ठरते. लस घेतल्यावर रात्रभर डोके ठणकले तर ते सिव्हिअर असेल, सीरियस नव्हे. उलट फारसे न जाणवणारे एखादे लक्षण रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आणत असेल, तर ते सीरियस.

औषधासोबतच्या चिठ्ठीत दुष्परिणामांपुढे ‘कॉमन’, ‘रेअर’ असे शब्द असतात. युरोपच्या औषध नियमांत त्यांना आकडे ठरवून दिले आहेत. ‘कॉमन’ म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना, ‘रेअर’ म्हणजे १० हजारांपैकी १ ते १० जणांना. ‘कॉमन’ वाचल्यावर आपल्याला वाटते की हे बहुतेकांना होतच असणार. प्रत्यक्षात शंभरातल्या निदान नव्वदांना ते होत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी ‘हाय रिस्क कन्सेंट’वर सही करताना नातेवाइकांचे हात थरथरतात. ‘हाय’ म्हणजे किती उंच, हे कागदावर क्वचितच असते. शंभरात पाच की शंभरात पन्नास? आणि शस्त्रक्रिया न केल्यास जोखीम किती? हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. उत्तर अंदाजाचे असेल, तरी ते नुसत्या ‘हाय’पेक्षा कामाचे. पुढे डॉक्टर ‘आउट ऑफ डेंजर’ म्हणाले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘डेंजर’ या शब्दाचे मूळ धनी, मालक या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. कुणाच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे एके काळी त्याच्या मुठीत असणे. त्या अर्थाने, आजाराच्या मुठीतून सुटला, असेच डॉक्टर सांगत असतात.

दुप्पट कशाची?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा पाठवला. नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याची जोखीम दुप्पट होते. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि कित्येक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्ष आकडे असे होते, जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७ हजार स्त्रियांमागे एकीला गुठळी होत असे, नव्या घेणाऱ्या ७ हजारांमागे दोघींना. एकाच्या दोन म्हणजे दुप्पट, हे गणित बरोबरच. पण गोळ्या सुटल्याने नको असलेली गर्भधारणा वाढली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळी होण्याची जोखीम गोळ्यांहून अधिक असते! धोक्यापासून पळताना स्त्रिया मोठ्या धोक्यात गेल्या. इशाऱ्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त ‘दुप्पट’पुढे ‘कशाची’ हे नव्हते.

शब्दांनी भीती वाढते तशी सवयही लागते. पावसाळ्यात ‘रेड अलर्ट’ हा शब्द आपण इतका वाचतो की त्याची धार गेली आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पिवळ्या रंगाला ‘वॉच’ म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगीला ‘अलर्ट’, म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, आता कृती करा. मराठीत तिन्हींना आपण ‘इशारा’ म्हणतो आणि रंग कोणताही असो, पुढे ‘अलर्ट’ जोडतो. शब्द विसरले तरी चालतील, क्रियापदे लक्षात ठेवावीत. लक्ष ठेवा, तयार राहा, कृती करा. नदीकाठी किंवा दरडीखाली राहणाऱ्यांसाठी या तीन क्रियापदांतले अंतर जीव वाचवणारे असते.

चार प्रश्न

धोक्याचा कोणताही शब्द समोर आला, तर चार प्रश्न विचारावेत. नेमके काय होऊ शकते, खाज सुटेल की जीव जाईल? माझा त्याच्याशी संबंध किती येतो, रोज की वर्षातून एकदा? माझ्यासारख्या शंभर किंवा हजार जणांत किती जणांना होते, आणि हे टाळले तर किती जणांना? आणि मी आता नेमके काय करायचे?

डॉक्टर, दुकानदार, बातमी किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावरचा संदेश, सगळ्यांना हे प्रश्न लागू आहेत. जो संदेश चारपैकी एकाचेही उत्तर देत नाही, तो पुढे पाठवण्याआधी थांबावे. आणि बाटलीवरचे लेबल इंग्रजीत असेल, घरातले कुणी ते वाचू शकत नसेल, तर आपण ते वाचून दाखवावे. शब्द कळला नाही तर निदान रंग आणि चित्र दाखवावे. कवटीचा अर्थ सांगायला इंग्रजी यावे लागत नाही.